आईची कात्री आणि जावयाचा शर्ट

आईची बेतायची कात्री ताईकडे गेली, त्यावर माझी काही तक्रार नव्हती. थोरली ती, शिवण आधी शिकली ती. मला फक्त कात्रीचा एक फोटो हवा होता, माझ्या दुकानात मशीनच्या वर लावायला.

"कात्री एकटी येणार नाही," ताई म्हणाली. "मी बरोबर येईन आणि बरोबर घेऊन जाईन."

आमच्याकडे एकच कडक नियम. कापडाच्या कात्रीने कागद कापायचा नाही, धार जाते. बाबांनी एकदा त्या कात्रीने कॅलेंडर कापलं, तर आई कितीतरी दिवस त्यांच्याशी आमच्यामार्फत बोलत होती.

ताई कात्री घेऊन दुकानात आली, तेव्हा फोटोचं काम माझ्या जावयाने अंगावर घेतलं. पांढऱ्या कागदावर कात्री उठून दिसेल म्हणाला. त्याने टेबलावर मोठा कागद अंथरला, फोन स्टँडवर लावला. आम्ही दोघी मागे चहा ओतत होतो, तेवढ्यात आवाज आला. कर्रर्र.

ताईच्या हातातली किटली तशीच राहिली.

"अरे मेल्या, कागद!" आजवर तिने त्याला 'जावईबापू' सोडून दुसरी हाक मारली नव्हती.

"मावशी, कागद खाली लोंबत होता. हीच कात्री समोर दिसली..."

ताईने कात्री हिसकावली. "धार गेली असेल, तर ही पुन्हा माझ्या कपाटाबाहेर पडायची नाही. फोटो नाही नि बिटो नाही."

कापून बघायचं तर दुकानातलं सगळं कापड गिऱ्हाइकांचं. ताईने इकडेतिकडे पाहिलं आणि तिची नजर जावयावर थांबली.

"इकडे या जरा."

गरीब बिचारा गेला. तिने त्याच्या शर्टाचं टोक ओढलं आणि कात्री चालवली.

"मावशी, नवा आहे!"

"म्हणून तर. धुऊन मऊ झालेल्या कापडावर धार कळत नाही."

सरळ रेघ. एक धागा सुटला नाही. ताईचा चेहरा असा काही खुलला, की मी धावत जाऊन फोनचं बटण दाबलं.

फोटोत कात्री आहे, ताईचा हात आहे आणि जावयाचं पोट आहे. ताईने तो नीट न्याहाळला.

"कात्री झकास आलीय. पोट कशाला घेतलंस?"

मग कात्री फडक्यात गुंडाळता गुंडाळता म्हणाली, "जाड कापड बेतायचं असलं की सांग, देईन. पण आधी ह्या पोराला बाहेर पाठवायचं."