नाव आठव्या दिवशी

मी विमा पॉलिसी बोलतेय. चंदीगडमध्ये कारखान्यांना तात्पुरती माणसं पुरवणाऱ्या एका एजन्सीच्या भिंतीवर मी वर्षभर मिरवले. आता कोर्टातल्या एका गठ्ठ्यात दोरीने बांधलेली आहे. जागा बदलल्यावर थोडी अक्कलही आली असावी.

सेक्टर सतरामधल्या विमा कार्यालयात मी छापून बाहेर पडले तेव्हा माझा थाट काय सांगावा. जाड कागद, ठळक अक्षरं, गोल शिक्का. मजकूर लांबलचक असला तरी अर्थ एवढाच, की या एजन्सीचा माणूस कामावर दगावला किंवा जायबंदी झाला तर त्याच्या घरच्यांना भरपाई मिळेल. अट एकच होती. त्याचं नाव माझ्या मागे जोडलेल्या यादीत हवं.

मालक श्यामकांत मिरजकर सैन्यातून निवृत्त होऊन इथंच स्थिरावलेले. शहराबाहेर डेराबस्सीला रसायनांचे कारखाने आहेत, त्यांना ते पॅकिंगवाले आणि हमाल पुरवायचे. माणूस वाईट नव्हता. चहा पाजल्याशिवाय कुणाला कामावर धाडत नसत. कारखान्यांचे साहेब आले की दिसावं म्हणून त्यांनी माझं पहिलं पान काचेच्या चौकटीत बसवून दारासमोर लावलं. मागची यादी मात्र संपदाच्या टेबलाच्या खणात राहिली. संपदा साताऱ्याची, नवरा हवाई दलात. एजन्सीतली हजेरी आणि याद्या तीच बघायची.

तात्पुरती माणसं म्हणजे अळवावरचं पाणी. रसायनांचा वास नाकात गेला की कुणी दुसऱ्याच दिवशी गायब. दर वेळी नाव चढवा, दर वेळी उतरवा, हा व्याप कोण करणार? म्हणून श्यामकांतांनी नियम केला होता, की माणूस आठ दिवस टिकला तरच यादीत घ्यायचा. "पक्का झाला की चढवू," ते म्हणायचे. सातव्या दिवशी काही झालं तर, असं संपदाने एकदा विचारलं. पाच वर्षांत काही झालेलं नाही, म्हणून ते हसले. मलाही तेव्हा ते शहाणपणाचं वाटलं होतं, याची आज लाज वाटते.

पॅकिंगच्या कामावर नवाच लागलेला कृष्णा पिंजौरहून बसने यायचा. पहिल्या दिवशी तो माझ्यासमोर थबकला. इंग्रजी वाचता येत नव्हतं, म्हणून हे काय आहे ते त्याने संपदाला विचारलं. कामावर काही झालं तर घरच्यांसाठी, असं तिने सांगितलं. ती घाईत होती, यादीचं बोलायचं राहूनच गेलं. त्याने मोबाइलवर माझा फोटो काढला आणि बायकोला, सरोजला, पाठवला. मग रोज हजेरीच्या कागदावर सही करून तो कामाला जाऊ लागला.

सहाव्या दिवशी कारखान्यात त्याला टाकी धुवायला आत उतरवलं. पॅकिंगच्या माणसाला टाकीत का घालताय, असं कुणी विचारलं नाही. आत वायू साचला होता. बाहेर काढला तेव्हा त्याच्यात जीव नव्हता.

तेरावं उरकून सरोज ऑफिसात आली. तिने मोबाइलवरचा माझा फोटो पुढे धरला. श्यामकांतांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"बेटी, उसका नाम अभी चढ़ा नहीं था," ते म्हणाले.

मग त्यांनी एक टाइप केलेला कागद तिच्यापुढे सरकवला. कृष्णा आमचा माणूसच नव्हता, काम शोधत आपणहून कारखान्यात शिरला होता, असं त्यात लिहिलं होतं. सही केलीस तर दिवसकार्याचा खर्च देतो, म्हणाले. यादीबाहेरचा माणूस त्यांचा ठरला असता, तर सगळी भरपाई त्यांच्याच अंगावर आली असती. खिशातलं पेन काढून त्यांनी तिच्या हातात दिलं.

संपदा उठली. "सर, सहा दिवसांची त्याची हजेरी माझ्याकडे आहे."

"तुझ्या नवऱ्याची दोन महिन्यांत बदली होईल, संपदा," ते हळूच म्हणाले. "मला इथंच राहायचंय."

हे मराठी बोलणं सरोजला कळलं नाही. ती पेन हातात घेऊन बसली होती. संपदा तिच्याकडे वळली, "साइन मत करना," म्हणाली आणि हजेरीचा कागद तिच्या हातात दिला. संपदाची नोकरी त्याच दुपारी गेली.

विमा कंपनीने हात वर केले. सरोजने श्यामकांतांवर लावलेला दावा चालू आहे. संपदा नवऱ्याबरोबर आसामात गेली, तिची साक्ष अजून व्हायची आहे. तारखांवर तारखा पडतात आणि सरोज प्रत्येक तारखेला बस धरून येते. माझी मुदत कधीच संपली. भिंतीवर आता नवी पॉलिसी लागली आहे, आणि आठ दिवसांचा नियम अजून तोच आहे, असं श्यामकांत वकिलाशी बोलताना मी ऐकलं.

माझ्या जातीचा कागद कुठे दिसला, तर बाबांनो, त्याच्या शिक्क्याला भुलू नका. मागची पानं मागा. आपलं नाव शोधा, आणि पहिल्याच दिवशी शोधा.

मागच्या तारखेला विमा कंपनीच्या वकिलाने माझी यादी मोठ्याने वाचली. चौसष्ट नावं. त्यात कृष्णा नाही, हे सरोजला आधीच समजावून झालं होतं. तरी दुपट्टा तोंडाशी धरून ती एकेक नाव ऐकत राहिली. शेवटचं नाव झालं, वकील बसू लागले, तशी ती उभी राहिली.

"जी, एक बार फिर पढ़ दो."