नणंदेने न वाजवलेला सोलो

माझी धाकटी नणंद सॅक्सोफोन वाजवायची, आणि तेही जॅझ. दम असा की तिने एक सूर धरला की मी चहाचं आधण ठेवायचे, चहा गाळायचे, पिऊन कप विसळून पालथा घालायचे, तरी सूर आपला चालूच. एकदा गॅलरीत उभी राहून तिने असा काही फुंकला की समोरच्या इमारतीत वाळत घातलेल्या चादरी उडून आमच्या दोरीवर येऊन पडल्या. खोटं वाटतंय? चादरी चांगल्या होत्या. अजून वापरतोय.

संध्याकाळी ती एका हॉटेलच्या बँडमध्ये वाजवायची आणि दिवसा संगीतशाळेत शिकवायची. मग हॉटेलवाल्याने कोपऱ्यात एक स्पीकर बसवला आणि बँडला नमस्कार केला. राहिला तो वर्ग. वरच्या मजल्यावरची खोली, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्यांना जुन्या गाद्या लावलेल्या, आणि शिकायला सगळी पोक्त माणसं. एक दाताचा डॉक्टर, एक लिफ्ट दुरुस्त करणारा, एक बेकरीवाली आणि असेच आणखी काही.

शिकवायची तिची पद्धत एकच. "आधी मी, मग तुम्ही." ती वाजवणार, बाकीच्यांनी तसंच्या तसं वाजवायचं. आणि ते वाजवायचे हो! तिच्या जुन्या सॅक्सची बोटाखालची एक चावी अडकायची, म्हणून सोलो सुरू करण्याआधी ती वाद्य कमरेवर एकदा आपटायची. तर यांची कोरी करकरीत वाद्यं, तीही सगळी कमरेवर धाड धाड! तिला खोकला झाला होता त्या आठवड्यात तर डॉक्टरने विचारलं, "मॅडम, खोकायचं तिसऱ्या ओळीनंतर ना?"

हे नेमकं प्राचार्यांनी दारातून ऐकलं.

"मॅडम," ते म्हणाले, "जॅझमध्ये सोलो ज्याचा त्याचा असतो, असं तुम्हीच मला सांगितलं होतं. इथे तर सगळे तुमच्या छापातून काढल्यासारखे आहेत. वार्षिक कार्यक्रमात मी पहिल्या रांगेत बसेन. दोघांचं एकसारखं निघालं तर वर्ग बंद. खोली व्हायोलिनला."

घरी येऊन नणंद सोफ्यावर आडवी झाली.

"अगं, मग सांग ना त्यांना, आपापलं वाजवा म्हणून," मी म्हटलं.

"सांगितलं की! 'तुमच्या मनातलं वाजवा' म्हटलं, तर सगळ्यांच्या मनात मीच! जीव लावतात मेले."

"मग व्हायोलिनला जाऊ दे खोली. तुझ्यामागचा ताप तरी जाईल."

ती उठून बसली. "हॉटेल गेलं तर गेलं, वहिनी. पण वर्ग गेला तर मी वाजवू कुणाबरोबर? तुझ्या प्रेशर कुकरबरोबर?"

कुकर तिच्यापेक्षा सुरात होता, पण तेव्हा तिचा चेहरा बघून मी चहा टाकायला गेले.

कार्यक्रमाच्या दिवशी पडद्यामागे तिने सगळ्यांना जमवलं. "आज नवी धून. पियानोवाला एकदा वाजवून दाखवेल, ती नीट ऐका. मग आधी मी, मग तुम्ही." सगळ्यांचे चेहरे खुलले. आधी मॅडम आहेत ना, मग काय भीती!

मग तिने मला बाजूला ओढलं. सॅक्सच्या तोंडाला वेताची एक पातळ पट्टी असते, तिला रीड म्हणतात. ती थरथरली तर आवाज, नाहीतर नुसता फुसका वारा. माझ्या नणंदेने ती रीड सोडवली आणि सरळ माझ्या तोंडात घातली.

"वाळली तर बोंबलेल. ओली ठेव. शेवटी मला लागेल. आणि बोलायचं नाही, दात लावायचा नाही."

मी बोलायचं नाही! लग्नात आंतरपाट धरला होता तेव्हाही मी भटजींशी बोलत होते.

आणि माझी खुर्ची कुठे, तर प्राचार्यांच्या शेजारी.

पियानोवाल्याने धून वाजवली, छान गुबगुबीत होती. मग नणंद आमच्याकडे पाठ करून विद्यार्थ्यांसमोर उभी राहिली. वाद्य कमरेवर आपटलं, डोळे मिटले, गाल फुगवले, मागे वाकली, बोटं अशी पळवली की बघणाऱ्याला घाम फुटावा. आवाज? फुस्स.

प्राचार्य माझ्याकडे झुकले. "मॅडमचा आवाज येत नाही का?"

"हं हं."

"माइक बंद आहे?"

"हं."

"बंद आहे की चालू आहे?"

"हं हं हं."

त्यांनी माझ्या गालाकडे निरखून पाहिलं. "दाढ दुखतेय का? स्टेजवर डॉक्टर आहेत बघा."

तोवर नणंदेचं फुसफुसणं संपलं. तिने डॉक्टरकडे बघून मान हलवली. आता तुम्ही.

डॉक्टरचा चेहरा असा झाला, जणू पेशंट तोंड उघडं ठेवूनच खुर्चीतून उठून गेला. नक्कल करायची कशाची? त्याने जेवढं दिसलं होतं तेवढं केलं. कमरेवर आपटलं, डोळे मिटले, गाल फुगवले. पण याच्या वाद्यात रीड होती. त्यामुळे आवाज आला. दात कोरायच्या यंत्रासारखा बारीक, टोचणारा. लोकांनी गालांवर हात ठेवले. डॉक्टरने एक डोळा उघडून पाहिलं, कुणी थांबवत नाहीये. मग तो जो सुटला!

लिफ्टवाल्याचे सूर सरळ वर गेले, मधेच अडकले, दोन धक्के खाऊन खाली आले. बेकरीवालीने तर सुरुवातच केली नाही. पीठ फुगायची वाट बघावी तशी ती उभी राहिली, आणि मग असा एक गरम, जाड सूर काढला की मागच्या रांगेतल्या लोकांना भूक लागली. बाकीच्यांनीही आपापले दिवे लावले.

प्राचार्य माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "एकाचं दुसऱ्याशी जुळत नाही. काहींचं तर स्वतःशीही जुळत नाही." आणि उठून, टाळ्या वाजवून, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "वर्ग राहील. आता मॅडमचा सोलो होऊ द्या!"

मी धावत स्टेजच्या कडेला गेले आणि रीड तोंडातून काढून दिली. नणंदेने ती झटक्यात बसवली, केस मागे सारले आणि माइकपाशी गेली.

पण माइकपाशी डॉक्टर होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या त्या आपल्यालाच, असं समजून त्याने पुन्हा सुरुवात केली होती. नणंदेने त्याच्या कोटाची बाही ओढली. त्याला वाटलं, मॅडम शाबासकी देताहेत. तो आणखी वर चढला. तिने पाय आपटला, त्याने तो ठेका धरला. प्राचार्य पहिल्या रांगेत मान डोलवत होते. दिवेवाला घरी जाऊन, जेवून, डुलकी काढून परत आला, तरी डॉक्टर चालूच.

शेवटी ती स्टेजच्या कडेला माझ्याशेजारी येऊन बसली. आयुष्यात पहिल्यांदा तिला आपली पाळी यायची वाट बघावी लागत होती. सॅक्स मांडीवर, नाकाचा शेंडा रागाने लाल, आणि पाय मात्र डॉक्टरच्या तालावर हलतोय.

"बरा वाजवतोय गं," मी म्हटलं.

"बरा? मेला फार छान वाजवतोय," ती दात-ओठ खात म्हणाली. "पुढच्या वर्षी त्याची रीड काढून तुझ्या तोंडात ठेवते."