दुसरं विधान झाकणारा पुठ्ठा

मित्रांनो, टेबलाच्या खणात स्टेपलरखाली दबलेला हा राखाडी पुठ्ठा म्हणजे मी. वीतभर लांब, चार बोटं रुंद. एका बाजूला अर्ध्या वाडग्याचं चित्र आहे, कारण मी कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यातून कापला गेलो. माझ्यावर कोणी काही लिहिलेलं नाही. माझं काम झाकायचं होतं.

अमेरिकेतल्या डुलूथ या बंदराच्या गावी, तिथल्या वाचनालयात आर्विड कोस्केला नावाचे निवृत्त गणिताचे मास्तर दर मंगळवारी तीन वाजता खिडकीजवळच्या टेबलाशी येऊन बसत. ‘गणितात मदत, फुकट’ अशी चिठ्ठी त्यांनी स्वतःच दाराशी लावली होती. पूर्वी चार मुलं तरी यायची. मग सगळी फोनमध्ये बघून शिकू लागली, आणि मास्तर थर्मासमधली कॉफी एकटेच पिऊन घरी जाऊ लागले. घरीही कोणी नव्हतं. त्यांची बायको हेल्मी जाऊन सहा वर्षं झाली होती.

अशाच एका मंगळवारी लोर्ना पेट्रिच आली. वय एक्केचाळीस, बंदरावरच्या धान्याच्या कोठारात अठरा वर्षं जहाजांची कागदपत्रं बघणारी. तिथली मॅनेजर व्हायचं तर विद्यापीठात व्यवस्थापन शिकायला हवं, आणि तिथे शिरायचं तर प्रवेशपरीक्षा द्यायला हवी. दोनदा ती आपटली होती. तिसऱ्यांदाही जमलं नाही तर बाहेरचा माणूस आणू, असं मालकांनी तिला तोंडावर सांगितलं होतं.

तिचं घोडं एकाच जागी पेंड खात होतं. त्या परीक्षेत एक चमत्कारिक प्रकार असतो. प्रश्न देतात, त्याखाली दोन विधानं देतात, पण उत्तर मागतच नाहीत. उत्तर काढायला कोणती माहिती पुरेशी आहे, एवढंच विचारतात. पहिलं विधान एकटं पुरेल, की दुसरं एकटं, की दोन्ही लागतील, की दोन्ही मिळूनही भागणार नाही?

हे माझ्या जन्माआधीचं. पण मास्तर ती गंमत पुढे वरचेवर सांगत, म्हणून मला पाठ आहे. प्रश्न असा होता: एका बाईने दोन योजनांत पैसे गुंतवले. पहिलीवर वर्षाला सहा टक्के परतावा मिळाला, दुसरीवर नऊ. तर सगळ्या रकमेवर मिळून परतावा किती टक्के? विधान एक: पहिलीत दुसरीच्या दुप्पट रक्कम होती. विधान दोन: एकूण परतावा आठशे चाळीस डॉलर होता. लोर्नाने कागद भरून आकडेमोड केली. एकीत आठ हजार, दुसरीत चार हजार, परतावा सात टक्के. आणि मोठ्या खुशीत ‘दोन्ही विधानं लागतात’ या पर्यायावर खूण केली.

“सात टक्के बरोबर,” मास्तर म्हणाले. “आणि उत्तर चूक.”

मग मास्तरांनी दाखवलं. दोन वाटे सहा टक्क्यांचे, एक वाटा नऊचा, भागिले तीन, झाले सात. डॉलर कितीही असोत. पहिलं विधान एकटं पुरत होतं. उलट नुसत्या आठशे चाळीसवरून काहीच कळत नव्हतं. पण लोर्नाचा जन्म बंदरावरच्या कागदांत गेलेला. समोर आलेला कागद वापरायचाच, ही तिची खोड. दुसरं विधान दिसलं की पहिल्यात ते मिसळल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीनंतर मास्तरांनी रिकामं खोकं आणि कात्री घेतली. अर्धं कापलं आणि हात थांबवला. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून ते म्हणाले, “हेल्मी, हे दिलं की ही पास होणार बघ. मग मंगळवारी कोण येणार?” मग उरलेलं अर्धं कापलं, आणि माझ्या कडा हाताला लागू नयेत म्हणून घासूनसुद्धा काढल्या.

तिथून माझे कामाचे दिवस सुरू झाले. लोर्ना आधी मला दुसऱ्या विधानावर ठेवायची आणि पहिलं वाचायची. मग मला वर सरकवून पहिलं झाकायची. शेवटी बाजूला ठेवायची, तेही खरंच गरज असेल तरच. मला नेहमी झाकलेलंच तेवढं दिसायचं. दोन्ही विधानं एकत्र मी कधी पाहिली नाहीत. पण मास्तरांचा आवाज ऐकू यायचा, वेलदोडे घातलेल्या पावाचा वास यायचा. “अगं, पैसे मोजायला सांगितलेत का तुला? मग कशाला मोजतेस?” असं ते चिडवायचे, आणि ती हसून पेन्सिल खाली ठेवायची. माझ्या आयुष्यातले चांगले दिवस ते एवढेच.

परीक्षा मिनियापोलिसला होती. लोर्नाने मला कोटाच्या खिशात घालून नेलं. तिथे आत काहीच नेऊ देत नाहीत. कोट लॉकरमध्ये गेला, दार बंद झालं. ज्या घटकेसाठी मला कापलं होतं, त्याच घटकेला मी अंधारात पडून होतो.

बाहेर आल्यावर गाडीत बसून आधी ती रडली. मग तिने मास्तरांना फोन लावला. “सर, झाले पास. झाकायला स्क्रीनवर हातसुद्धा ठेवला नाही. दुसरं विधान दिसतच नाही, असं नुसतं ठरवलं.”

“मग सुटलीस,” मास्तर म्हणाले. “आता मंगळवारी यायचं काही कारण नाही तुला.”

“असं कसं? येईन की मी.”

एकदा ती केक घेऊन गेली, नाही असं नाही. पण विद्यापीठाचे तास नेमके मंगळवारी. मग मॅनेजरची नवी खुर्ची, नवी खोली, कामाचा डोंगर. मी तिथल्या टेबलाच्या या खणात आलो आणि इथेच राहिलो. तिला माझी गरज उरली नाही, याचा मला अभिमान आहे. एकटं वाटतं, तेही खरं आहे.

गेल्या आठवड्यात सोमवारी, बाहेरच्या टेबलाशी काम करणारी ग्रेचन आत येऊन सहज म्हणाली, की मुलाची पुस्तकं परत करायला ती वाचनालयात गेली होती. खिडकीपाशी एक म्हातारे गृहस्थ बसले होते, समोर कॉफीचे दोन कप भरून. एक कप तसाच निवला, पण त्यांनी तो उचलला नाही.

लोर्नाने खण उघडला. मला हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं. “बरे असतील ना गं ते? दिसत कसे होते?” तिने विचारलं. ग्रेचनने तेवढं निरखून पाहिलं नव्हतं. “एकदा नीट चौकशी करते आणि मग जाते,” असं म्हणून लोर्नाने मला परत आत ठेवलं. तो मंगळवार गेला. कालचाही गेला.

मित्रांनो, मला तिच्याशी बोलता आलं असतं तर मी ओरडलो असतो, की बाई, दोन कप! आणखी कसली माहिती हवी आहे तुला?

आम्ही जुन्या वस्तू एरवी ‘आम्हाला जपा’ म्हणून तुमच्यापुढे हात जोडतो. माझं तसं मागणं नाही. मला कचऱ्यात टाकलंत तरी चालेल. पण तुम्हाला कोणीतरी इतकं मन लावून शिकवलं असेल, की पुढे तुम्हाला त्याची गरजच पडली नाही. तो बरा आहे का, मोकळा आहे का, हे विचारत बसू नका. उठा, आणि त्याच्या समोरच्या खुर्चीत जाऊन बसा.