सोळा पिवळ्या रेघा

घाईबाई हे नाव तिला कंपनीत पहिल्याच आठवड्यात पडलं आणि चिकटलं ते चिकटलंच. गळ्यातल्या ओळखपत्रावर तिचं खरं नाव होतं, त्याखाली 'शिकाऊ अभियंता' असंही छापलेलं होतं, पण चार हजार माणसांच्या कंपनीत दुसऱ्याचं ओळखपत्र वाचायला कुणाला सवड असते? ती जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या एकदम उतरायची. समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मान डोलवायची. डब्याचं झाकण लावता लावताच जेवणावरून उठायची. ज्या जुन्या फिटरच्या हाताखाली तिला दिलं होतं, त्याला सगळे उस्ताद म्हणत. तो एकदा वैतागून म्हणाला, "अगं घाईबाई, पंप काय पळून चाललाय?" झालं. दुसऱ्या दिवशी कँटीनवालासुद्धा तिला त्याच नावाने हाक मारू लागला.

अर्थात घाईला कारणही होतं. एका वर्षासाठी सहा शिकाऊ घेतले होते आणि त्यांतले दोनच कायम होणार होते. कोण, ते कंपनी शुक्रवारी दुपारी चार वाजता फलकावर यादी लावून सांगणार होती.

तर त्या शुक्रवारी सकाळी तोंड धुऊन तिने नळ बंद केला. नळ जुना, तीन फेरे दिल्याशिवाय थेंब थांबायचा नाही. एक, दोन, तीन. तिसऱ्या फेऱ्याला तिचा हात नळावरच राहिला आणि तोंडाचा रंग उडाला.

काल संध्याकाळी पान्याची मूठही तिने तीनच फेरे फिरवली होती.

आता हे नीट सांगायला हवं, नाहीतर नळ बंद करून कुणी पांढरंफटक पडतं का, असं तुम्ही विचाराल. तिच्या विभागात मोठे पंप जोडत. पंपाच्या झाकणाला सोळा नट. ते घट्ट करायला टॉर्क पाना असतो. त्याच्या मुठीवर आकडा लावायचा, तेवढा जोर लागला की पाना 'टक्' करतो. पण एकदम जोर लावला तर झाकण एका अंगाला बसतं, म्हणून सोळाही नटांवरून तीनदा फिरायचं. पहिली फेरी ऐंशीवर, दुसरी एकशे साठवर, तिसरी दोनशे चाळीसवर. तिसरी झाली की प्रत्येक नटावरून थेट खालच्या झाकणापर्यंत पिवळ्या रंगाची एक रेघ मारायची. रेघ अखंड असली म्हणजे नट घट्ट आहे आणि जागचा हललेला नाही. पुढचा माणूस पाना लावून बघत बसत नाही, रेघ बघतो. काम संपलं की मूठ उलटी फिरवून आकडा चाळीसवर आणायचा, म्हणजे आतल्या स्प्रिंगला विसावा मिळतो. एका फेऱ्याला चाळीस. दोनशे चाळीसवरून खाली यायला पाच फेरे लागतात. तीन फेऱ्यांत चाळीसवर आली, म्हणजे मूठ एकशे साठवरच होती, तिसरी फेरी झालीच नव्हती.

काल दुसरी फेरी संपली तेवढ्यात ऑफिसातून निरोप आला होता, कंपनीच्या पत्रकासाठी फोटो हवाय, शिकाऊ मुलीला स्वच्छ गणवेशात पाठवा. ती धावत गेली. अर्धा तास खोटं खोटं हसून धावत परत आली. उस्ताद दुसऱ्या लाइनवर गेलेला, रंगाचा डबा उघडाच, वर साय धरू लागलेली. तिने ब्रश उचलला आणि सोळाही रेघा मारून टाकल्या. आणि रेघा तरी कशा! वर्षभर तिच्या रेघांना उस्ताद म्हणायचा, "कोंबडीने पाय पुसलेत." काल मात्र एकेक रेघ पट्टीने आखल्यासारखी. उस्ताद आला, त्याने वाकून पाहिलं आणि वर्षभरात पहिल्यांदा "वा!" म्हणाला. कामाच्या कार्डावर सही केली. पंप टेस्टला गेला.

"काय गं, दात दुखतोय का?" आईने विचारलं. आई शिलाई करायची. मांडीवर शर्ट होता आणि सवयीप्रमाणे ती प्रत्येक बटण ओढून बघत होती.

"आई, एखादं बटण ओढून बघायचं राहिलं आणि शर्ट गेला, तर?"

"तर निरोप धाडायचा आणि परत मागवायचा."

"गिऱ्हाईक चिडलं तर?"

"चिडेल की! चार शब्द ऐकून घ्यायचे. तू आज न खाता निघालीस ना, तर मीही चिडेन."

ती न खाताच निघाली.

कंपनीच्या बसमध्ये तिने बोटांवर पुन्हा पुन्हा फेरे मोजले. कधी तीन येत, कधी पाच येत. शेजारची बाई सरकून बसली. उतरल्यावर ती धावतच हत्यारांच्या खिडकीशी गेली. बेत साधा होता. पाना घ्यायचा, टेस्टच्या खोलीत शिरायचं, दहा मिनिटांत सोळा नट ओढायचे, ब्रश फिरवायचा. कुणाला पत्ता लागणार नाही.

"कार्ड?" खिडकीतल्या स्टोअरकीपरने हात पुढे केला.

"कालचंच काम आहे. दहा मिनिटांत आणून देते."

"कालचं कार्ड बंद झालं. पंप टेस्टला गेला की फिटिंगचं काम संपलं. कार्डाशिवाय मी माझ्या बापालाही पाना देणार नाही."

त्याचा बाप हयात होता की नाही कोण जाणे, पण पाना मिळाला नाही हे खरं. मग तिने सहा शिकाऊंतल्या एकाला गाठलं. शिकाऊंच्या दोन्ही परीक्षांत त्याचे सर्वांत जास्त गुण, म्हणून तो स्कॉलर. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"तुला खात्री आहे, तिसरी फेरी राहिलीय?"

"खात्री नाही. पण..."

"मग गप्प बस ना! आज यादी लागतेय. त्यात पंप विकत घेणारे पाहुणे आलेत, स्वतः टेस्ट बघायला. आणि टेस्ट कशासाठी असते गं? गळला तर कळेलच की."

बोलणं बिनतोड होतं. तिला ते पटलंही. पटलं म्हणून ती जागेवर जाऊन बसली, उठली, पाणी प्यायली, बसली, पुन्हा उठली. टेस्ट साडेदहाला होती. दहा वाजून दहा मिनिटांनी ती टेस्टच्या खोलीच्या दारात उभी होती आणि आपण इथे का आलो हे तिला स्वतःलाच सांगता येत नव्हतं.

टेस्ट करणारे ते प्रेशरमामा. बुटके, गोल, नाकावर चष्मा. पंपात पाणी भरून दाब चढवायचा आणि मग टॉर्च घेऊन झाकणाभोवती फिरायचं. पाण्याचा एक थेंबही डोकावतो का ते बघायला चेहरा सांध्यापासून वीतभर अंतरावर न्यावा लागतो. मामांच्या डाव्या भुवईत मधोमध केस नव्हते. पूर्वी कधी तरी एका सैल सांध्यातून सुईसारखं पाणी सुटलं होतं. "अर्धी भुवई कंपनीला दिली," मामा सांगायचे, "बाकीची बायकोने मोजून ठेवलीय." ती वर्षभर या विनोदाला हसत आली होती. आज तो आठवला आणि तिला हसू आलं नाही. स्कॉलरचं खरं होतं, गळला तर कळणारच होतं. पण सगळ्यांत आधी कळणार होतं ते मामांच्या तोंडाला.

मामांनी दाब चढवायचा खटका हाताखाली घेतला. मागे विभागाचे साहेब पाहुण्यांना काहीतरी समजावत होते.

"मामा, थांबा!" ती इतक्या मोठ्यांदा ओरडली की पाहुणेही थांबले. "माझी तिसरी फेरी राहिली असेल."

"असेल म्हणजे?" साहेब म्हणाले. "राहिलीय की नाही?"

"माहीत नाही, सर. बहुतेक राहिलीय."

"कार्डावर सही आहे. रेघा आहेत. आणि तू बहुतेकवर टेस्ट थांबवतेस?"

मामांनी मात्र खटक्यावरून हात केव्हाच काढला होता. एक पाऊल मागेही सरकले होते.

उस्तादला बोलावलं. तो पाना घेऊनच आला. त्याने मूठ दोनशे चाळीसवर आणली आणि पाना पहिल्या नटावर चढवून ओढला. 'टक्' व्हायच्या आधी नट सरकला. रेघेचा वरचा तुकडा नटाबरोबर पुढे गेला, खालचा झाकणावर राहिला. दुसरा नट. रेघ तुटली. तिसरा. तिला क्षणभर आनंद झाला, की आपलं खरं निघालं, आणि लगेच त्या आनंदाची एवढी लाज वाटली की जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. सोळाच्या सोळा रेघा तुटल्या. तिच्या आयुष्यातल्या सगळ्यांत सरळ रेघा.

"मी वा म्हटलं होतं," उस्ताद पाना खाली ठेवत म्हणाला. तो चिडला असता तर तिला सोसलं असतं. "रेघा पाहिल्या आणि सही केली. पूस आता. नव्याने मार."

सगळ्यांसमोर तिने थिनरच्या बोळ्याने रेघा पुसल्या आणि नव्या मारल्या. त्या अशा वाकड्यातिकड्या आल्या की कोंबडीनेही नावं ठेवली असती. टेस्ट बारा वाजता झाली, एक थेंबही गळला नाही, पण पाहुण्यांच्या कपाळावरची आठी काही उतरली नाही.

चार वाजता यादी लागली. कायम दोघे, त्यांत पहिला स्कॉलर. त्याखाली जागा सोडून एक ओळ होती, तिच्या नावाची. सहा महिने मुदतवाढ, देखरेखीखाली. ना आत, ना बाहेर. आणखी सहा महिने असंच टांगणीला लागायचं. तिने ती ओळ तीनदा वाचली.

"सांगितलं होतं तुला," स्कॉलर म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटत होतं, त्यामुळे तर तिला जास्तच राग आला.

त्याहून वाईट पुढेच होतं. महिनाभर उस्तादच्या सहीवर दुसरी सही लागणार असा हुकूम निघाला, आणि ती दुसरी सही त्याच्या निम्म्या वयाच्या इंजिनिअरची. उस्ताद आठवडाभर तिच्याशी कामापुरतं बोलला. तीही कामापुरती जगली. घरी आई विचारायची, "चार शब्द ऐकलेस ना? संपलं मग." पण संपलं नव्हतं. कंपनीत सगळीकडे गोष्ट पोचली होती आणि तिला वाटायचं, आता जो तो आपल्या रेघा नखाने खरवडून बघणार.

दुसऱ्या आठवड्यात पुढचा पंप तयार झाला. या खेपेला तिने प्रत्येक फेरीला सोळाही नटांवर खडूची खूण केली, तीन फेऱ्यांच्या तीन खुणा, आणि त्या मोजून मगच ब्रश उचलला. मध्ये ऑफिसातून कुणीतरी बोलवायला आलं, तर उस्ताद त्याच्यावर खेकसला, "येणार नाही ती. काम चाललंय तिचं." आठवड्यातलं त्याचं हे सगळ्यांत लांबलचक बोलणं होतं.

टेस्टच्या खोलीत मामांनी दाब चढवला. टॉर्च हातात घेतला. मग नेहमीसारखे न वाकता ते उभेच राहिले.

"रेघा कुणाच्या?" त्यांनी विचारलं.

नवा सही करणारा इंजिनिअर कार्ड चाळू लागला. उस्ताद जमिनीकडे बघत होता. उस्तादच्या म्हणाव्यात का, असं एकदा मनात येऊन गेलं.

"माझ्या," ती म्हणाली.

मामांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, मग रेघांकडे.

"वाकड्या आहेत."

"हो."

त्यांनी टॉर्च लावला, पहिल्या नटापाशी वाकले आणि चेहरा वीतभर अंतरावर नेला. घाईबाई दारातच उभी राहिली. मामा सावकाश एकेक नट बघत फिरत होते, आणि सोळावा होईपर्यंत ती जागची हलली नाही.