पहिला धडा

आमच्या ह्यांच्या कानांचं कौतुक मला कधीच नव्हतं. काचबिंदूने डोळे गेले, तेव्हापासून हिरालाल वासनिक, म्हणजे बीरगांवचे टायपिंगवाले सर, बैठकीतल्या खुर्चीत बसून कानांनीच घर चालवतात. दूधवाल्याला पावलांवरून हटकायचं, आणि आतल्या खोलीत रुचिताचा कीबोर्ड वाजतो की नाही यावर पहारा ठेवायचा.

रुचिता आमची एकुलती एक. पुण्याच्या एका कंपनीसाठी घरूनच प्रोग्रामिंग करायची. ह्यांचा जन्म पोरांची बोटं पळवण्यात गेला. कोर्टात, शेजारच्या उरला गावातल्या कारखान्यांच्या ऑफिसात ह्यांचे विद्यार्थी स्पीडच्या जोरावर लागले. त्यामुळे बोटं थांबली की काम थांबलं, असं ह्यांचं गणित. आत जरा शांत झालं की हाक यायची, "काहून थांबली वो?"

रुचिता इथल्या हिंदी मुलखातच वाढली; तिला मराठी समजतं, पण बोलते हिंदीच. ती बिचारी समजवायची, की यात टाइप कमी करायचं असतं, विचारच जास्त. दिवसभर डोकं लावून चार ओळी नीट जमल्या तरी खूप झालं. ह्यांना ते पटायचं नाही. विचार कर, पण हात चालू ठेव, म्हणायचे. एकदा तर पाहुण्यांसमोर म्हणाले, की आमची पोट्टी पगार घेते अन् झोपा काढते. त्या दिवशी ती जेवली नाही. माझं डोकं असं फिरलं होतं की सांगायची सोय नाही.

उन्हाळा लागला आणि कीबोर्ड सकाळपासून अखंड वाजायला लागला. मला वाटलं, चला, मिटलं बापलेकीचं. पण हे गप्पच झाले. हाक नाही, शाबासकीही नाही. पोरीनं ऐकलं तरी ह्यांचं तोंड वाकडंच, म्हणून मी मनातल्या मनात चरफडत राहिले.

काल पन्हं घेऊन आत गेले. कॉम्प्युटरच्या पडद्यावर वरपासून खालपर्यंत त्याच त्या अक्षरांच्या ओळी. मला इंग्रजी येत नाही, पण ती अक्षरं मी ह्यांच्या क्लासच्या फळ्यावरून कितीतरी वर्षं पुसली होती. रुचितानं माझ्याकडे पाहिलं. बोटं तशीच चालू ठेवून कुजबुजली, "नौकरी गई, मम्मी. होली के बाद ही. बाबा को मत बताना. चुप बैठूँगी तो पूछेंगे."

मी पन्हं तिच्याजवळ ठेवलं. कशीबशी बाहेर आले आणि ह्यांना म्हटलं, पोरगी फार कामात आहे.

"मले माहीत आहे ती काय करून राहिली," हे हळूच म्हणाले. "टायपिंगचा पहिला धडा आहे तो. मीच शिकवला तिले, मांडीवर बसवून. पहिल्याच दिवशी तालावरून ओळखला."

मग इतके दिवस बोलला का नाहीत, मी विचारलं. म्हणाले, माझ्याच भीतीनं वाजवते, तिला कोणत्या तोंडानं थांब म्हणू. मग खुर्चीचा हात चाचपत हे पुढे म्हणाले,

"चूप राहायची तेव्हाच काम करत होती, मीरा. अन् मी तिले काय काय बोललो."

मी पुन्हा आत गेले. रुचिताचे दोन्ही हात धरले आणि म्हटलं, पुरे कर, बाबांना माहीत आहे. तिनं टेबलावर डोकं टेकलं आणि आवाज न करता रडली. माझ्यानंही राहवलं नाही. घर शांत झालं होतं. बाहेर हे खुर्चीत तसेच बसून होते, आणि काहून थांबली म्हणून त्यांनी विचारलं नाही.