कामगार नव्हे, खेळाडू

खुटबावची समृद्धी शेवंतीच्या पाट्या टेम्पोत चढवत होती, तेव्हा तिला बँकेच्या कबड्डी संघातून फोन आला. निवड झाली होती. क्लार्कची कायमची नोकरी. कागदपत्रं बुधवारपर्यंत हवी होती. त्यात एक कागद आताच्या कंपनीचा होता, ना-हरकत पत्र.

कोरेगाव भीमाजवळच्या एका कारखान्याच्या संघात ती तीन वर्षं डावा कोपरा खेळत होती. सोमवारी वडील सोपानराव तिच्यासोबत तिथं गेले.

"पत्र मिळणार नाही," संघाचं काम बघणारे इंद्रजीत सर म्हणाले. "करार अजून दोन हंगामांचा आहे."

"मग सर, मी राजीनामा देते."

"राजीनामा कामगार देतो. तू कामगार नाहीस, खेळाडू आहेस."

हे वाक्य तिनं आधीही ऐकलं होतं. गेल्या वर्षी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी तिनं कामगार विम्याचं कार्ड मागितलं होतं, तेव्हा.

सोपानराव टोपी हातात धरून उभे होते. "साहेब, कामगार न्हाई म्हणता, मग आडवता कशापायी? आमच्या मळ्यातला गडीसुदिक मन उठलं की दुसरीकडं जातो."

"आप्पा, करारावर सही तिचीच आहे."

सही तिचीच होती. त्या दिवशी सगळ्या मुली रांगेत उभ्या होत्या, कागद इंग्रजीत होता आणि टी-शर्टचं माप सांगायची घाई होती.

मंगळवारी दोघं कामगार कार्यालयात गेले. "खेळाडूंचं आमच्याकडं येत नाही, कबड्डी संघटनेला विचारा." संघटनेत गेले. "करार कंपनीशी हाय ना? मग कंपनीत जा."

बुधवारी दुपारी समृद्धीनं बँकेच्या मॅडमना फोन केला.

"पत्राशिवाय नाही गं चालणार, बाळा. तुला खेळवलं तर आमच्या संघावर बंदी येईल."

"दोन वर्षांनी घ्याल का, मॅडम?"

"तेव्हा वय बसेल का तुझं?"

समृद्धीनं फोन ठेवला.

"मंग, आता काय?" संध्याकाळी आई मालनबाईनं विचारलं.

"काय न्हाई."

शुक्रवारी शिरूरला सामना होता. खेळूच नये असं तिला वाटत होतं. पण सामना चुकवला तर करार एक हंगाम वाढतो, असं उजव्या कोपऱ्यावरच्या अनितानं बसमध्ये सांगितलं. ती खेळली. चार पकडी केल्या. सामना जिंकल्यावर इंद्रजीत सरांनी माईकवर तिचं नाव घेतलं. पोरींनी तिला खांद्यावर उचललं. "खाली उतरवा गं मला," ती म्हणत होती, पण हलगीच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नाही.