न दिसणाऱ्या बुडबुड्यांचा पंप

मी एक जुना, बारीक बुडबुडे सोडणारा पंप आहे. मित्रांनो, आज माझं डोकं तापलंय. मोटर नव्हे, डोकंच!

साकीनाक्याच्या एका गाळ्यात सुगंधाताईंनी मला घडवलं. नाहूरच्या एका सोसायटीत माशांचं तळं आहे. त्याची देखभाल करणारे गुणाजीकाका मला न्यायला आले. ताईंनी मला गाळ्यातल्या टाकीत सुरू केल्यावर पाणी आधी दुधासारखं झालं, मग पुन्हा नितळ.

"बुडबुडे खंय गेले?" काका गोंधळले.

"काका, मोठा बुडबुडा वर पळतो आणि फुटतो. बारीक बुडबुडा पाण्यातच विरघळतो, म्हणून माशांना प्राणवायू मिळतो. आणि अगदी बारीक असतात ना, त्यांच्या अंगावर सारखाच विद्युतभार असतो. ते एकमेकांना दूर ढकलतात, एकत्र येऊन फुगत नाहीत. दिवसचे दिवस पाण्यात राहतात." ताईंनी त्या पाण्याच्या ग्लासात लेसर सोडला. नितळ पाण्यात लाल रेघ उमटली; न दिसणारे बुडबुडे तिथेच होते.

सहा वर्षं मी राबलो. काका दर रविवारी जुन्या टूथब्रशने माझी जाळी घासत. काकांनी टिचकी वाजवली की म्हातारी रोहू काठाशी यायची.

मग अध्यक्ष मार्तंडसाहेब तळ्यावर आले. "हा पंप बंद पडलाय. एक बुडबुडा दिसतोय का? पाहुण्यांना काहीतरी दिसायला नको?" मी मीटररूमच्या कोपऱ्यात गेलो. तळ्यात मोठमोठे बुडबुडे उडवणारा नवा पंप आला. लोक त्याचे फोटो काढायला लागले!

चौथ्या दिवशी काका धावत साहेबांकडे गेले. "सायेब, मासे वर येवन आ वासतत! जुनो पंप लावया."

"खाणं जास्त घालतोस तू. आणि ते भंगार देऊन टाक."

दुपारी रोहू उलटी तरंगली. काकांनी टिचकी वाजवून पाहिली. मग कुणालाही न विचारता त्यांनी मला नव्या पंपाशेजारी पाण्यात सोडून सुरू केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेले मासे तळाशी निवांत फिरत होते.

साहेब आले, नव्या पंपाकडे बघत म्हणाले, "बघितलंस? कसा झकास काम करतोय!"

अरे, काय हा अन्याय! काका "होय सायेब" म्हणाले आणि टूथब्रश घेऊन माझ्यापाशी बसले.

मित्रांनो, माझे फोटो काढू नका. जाळी तेवढी घासत जा. आणि काम डोळ्यांना दिसत नाही म्हणून कुणाचं बटण बंद करण्याआधी एकदा माशांकडे बघा.